माझी बाजू लिहिणारी दर्शना

दर्शना येलवे तत्त्वज्ञानाची प्राध्यापक आहे असं मी कुणाला सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "हो का? म्हणजे ती नेमकं करते काय?" इतिहासाच्या बाईला हे कोणी विचारत नाही. मी संस्कृत शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे असल्या प्रश्नांची मला सवय आहे आणि चीडही आहे. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. शिवाय मला तिचे आभार मानायचे आहेत. तोंडावर मानायला गेले तर 'आभार म्हणजे नेमकं काय' यावरच ती सुरू होईल आणि माझे आभार राहतील बाजूला.

विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आमचं कॉलेज. तिथल्या तत्त्वज्ञान विभागात दर्शना एकटीच, म्हणून विभागप्रमुखही तीच. तिसऱ्या वर्षाला मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली निम्मी दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली. पहिला महिनाभर ती विचारत राहतात, "मॅम, याचा पुढे स्कोप काय?" दर्शना त्यांनाच विचारते, "स्कोप म्हणजे काय, सांग बघू." वर्ष संपेपर्यंत त्यातलं एखादं घरी आईबापांशी मुद्देसूद भांडायला लागतं, आणि आईबाप कॉलेजात तक्रार घेऊन येतात. ही तक्रार आली की दर्शना त्या दिवशी सगळ्या स्टाफरूमला चहा पाजते.

बाकी तिचा दिवस तुमच्या-आमच्यासारखाच जातो. तासिका, पेपर तपासणं, नॅकच्या फायली, प्राचार्यांच्या मीटिंगा. या सगळ्यातून जो वेळ उरतो त्यात तिचं संशोधन. परीक्षेच्या सुपरव्हिजनला वर्गात फेऱ्या मारताना ती मनात वाक्यं जुळवते. एकदा वाक्य जुळलं त्या आनंदात तिने "झालं!" असं मोठ्याने म्हटलं आणि घाबरलेल्या दोन पोरांनी पेपरच देऊन टाकला. बढतीसाठी इंग्रजी नियतकालिकांत निबंध छापून यावे लागतात, तेही ती लिहिते. पाठवायचा, महिनोन्महिने वाट बघायची, मग कुणा निनावी तज्ज्ञाचा शेरा येतो. एका तज्ज्ञाने लिहिलं होतं, 'लेखिकेने आपण कोणत्या बाजूच्या आहोत ते आधी ठरवावे.' तो शेरा वाचून ती दिवसभर खूश होती. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

ते तसं नव्हतं. आपल्या शास्त्रांत वाद घालायची एक जुनी रीत आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर द्यायचं. ही रीत मी जन्मभर फळ्यावर लिहून शिकवली, पण पाळताना पाहिलं ते फक्त दर्शनाला. एरवी लोक पूर्वपक्ष म्हणून एक बुजगावणं उभं करतात आणि त्याला झोडपून शूर होतात. दर्शनाचा नियम असा, की ज्याचं म्हणणं आहे त्या माणसाला ते वाचून दाखवायचं. त्याने 'हो, हेच मला म्हणायचं होतं, मला इतकं चांगलं म्हणता आलं नसतं' असं कबूल केलं तर पूर्वपक्ष पास. तोवर उत्तराचा एक शब्द लिहायचा नाही. आणि उत्तर त्या माणसाला आधी दाखवायचं नाही, कारण मग तो आपलं म्हणणं सावरून घेतो.

हा नियम तिने कुठून काढला, ते तिने मला एकदा सांगितलं. ती एम.ए.ला असताना एका चर्चासत्रात एका मोठ्या वक्त्यांनी बौद्धांचं म्हणणं दोन वाक्यांत सांगितलं, तिसऱ्या वाक्यात खोडलं आणि चहाला गेले. "ताई, ती दोन वाक्यं माझ्या आईलासुद्धा पटली नसती," दर्शना म्हणाली. "आमचं म्हणून त्यांनी जे सांगितलं ते आमचं नव्हतंच. मग त्यांनी हरवलं कोणाला?"

आमची ओळख मात्र वादातून झाली नाही, भांडणातून झाली. स्टाफरूममध्ये पंखा एक आणि त्याच्याखालची खुर्ची एक. मी वयाने बरीच मोठी, म्हणून ती खुर्ची माझी, असं मी धरून चालले होते. ही नवीन आलेली पोरगी तिच्यावर बसली आणि वर मला म्हणाली, "मोठं असणं आणि जास्त उकडणं, यांचा संबंध काय ते सांगा, मी उठते." मला उत्तर सुचलं नाही. ती तरीही उठली. तेव्हापासून ती मला देवयानीताई म्हणते आणि मी तिला वाट्टेल ते बोलते.

मी निवृत्त झाले त्या सुमारास तिने पुस्तक लिहायला घेतलं. मराठीत, कारण ते आपल्या आईला वाचता आलं पाहिजे असा तिचा हट्ट. विषय होता कर्म. आपल्या वाट्याला येतं ते आपल्याच मागच्या जन्मींच्या कर्माचं फळ, हे मत टिकतं का? तिच्या घराने हे मत कधीच टाकून दिलेलं. तिचे आजी-आजोबा रत्नागिरीकडच्या ज्या गावातून आले तिथे त्यांना पाणवठ्यावर हेच ऐकवलं जाई, की मागच्या जन्मी पाप केलंत म्हणून या जातीत आलात. धम्म स्वीकारला तेव्हा बाकीच्या ओझ्याबरोबर हेही त्यांनी मागे ठेवलं. आणि मी कोकणातल्या आठल्यांची सून, माहेरही तसलंच. कर्मावर माझा विश्वास लहानपणापासूनचा, आणि पुढे एका कारणाने पक्का झालेला. तिला पूर्वपक्षाला माणूस हवं होतं, मी आयतीच सापडले.

मग दर रविवारी दुपारी ती ठाण्याहून, वर्तकनगरच्या घरून, डोंबिवलीला माझ्याकडे यायला लागली. मी घावन करायची, ती ओट्यापाशी उभी राहून वाचून दाखवायची. पहिला मसुदा ऐकला आणि मी तिला उलथनंच दाखवलं.

"हे 'ते म्हणतात', 'त्यांचा असा दावा आहे' काय लिहिलंयस? मी काय कुंपणापलीकडची आहे? 'आम्ही म्हणतो' असं लिही."

"पण ताई, मग वाचणाऱ्याला ते माझंच मत वाटेल."

"वाटू दे. वाटलं तरच पूर्वपक्ष. नाहीतर बुजगावणं. तूच म्हणतेस ना?"

तिने क्षणभर विचार केला, "करेक्ट," म्हणाली आणि सगळे 'ते म्हणतात' खोडून टाकले. पुढे यावरून रामायण झालं, पण मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

मसुद्यामागून मसुदे झाले. एकाच दिवशी एकाच दवाखान्यात दोन मुलं जन्मतात, एक बंगल्यात जातं आणि एक पत्र्याच्या खोलीत, याला योगायोग म्हणणं म्हणजे उत्तर द्यायचं टाळणं, हा मुद्दा तिने माझ्याकडून घेतला. 'जन्म हा अपघात नव्हे. ती आपणच कधीतरी केलेली सही आहे,' हे वाक्यही माझंच. मी घावन उलटताना बोलून गेले, तिने जसंच्या तसं ठेवलं. तरीही ती समाधानी नव्हती.

"काहीतरी राहतंय," ती एका रविवारी म्हणाली. "तुम्ही बोलता ते पुस्तकातलं आहे. तुम्ही ज्यावर उभ्या आहात ते हे नाहीये, ताई."

मग मी तिला सांगितलं. माझी मुलगी जन्मतःच हृदयात दोष घेऊन आली आणि पाचवं वर्ष लागायच्या आत गेली. मी डॉक्टरांना विचारलं, का? ते म्हणाले, असं होतं कधीकधी. चांगले होते बिचारे, खोटं बोलले नाहीत. पण 'असं होतं कधीकधी' यावर आई जगू शकत नाही. सासूबाई म्हणाल्या, मागच्या जन्मीचं काही असेल गं. लोकांना हे ऐकून राग येतो. मला मात्र त्या वाक्याने हात दिला. माझ्या हातून कधीतरी काही घडलं असेल, त्याची ही शिक्षा मला झाली. दोष मला परवडला. काहीच कारण नसतं तर मी वेडी झाले असते.

दर्शनाने त्या दिवशी काही लिहून घेतलं नाही. ती मुलगी कशी होती, एवढंच विचारत बसली. मी सांगितलं, की चप्पल ती नेहमी उलटीसुलटी घालायची, डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात, आणि कोणी बदलायला गेलं तर चिडायची.

पुढच्या रविवारी तिने ती पानं वाचली. 'आम्ही म्हणतो, कारण नसण्यापेक्षा दोष असलेला बरा,' इथून सुरुवात होती. आईचं ते दुःख, तो प्रश्न, तो आधार, सगळं होतं. एक शब्द खोटा नव्हता आणि एक शब्द चढवलेला नव्हता. माझं म्हणणं इतकं नीट कुणी मांडेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तेही ते न मानणाऱ्या बाईने. मी "पास" म्हटलं. तव्यावरचं घावन करपलं.

त्यानंतर ती उत्तर लिहायला गेली आणि नियमाप्रमाणे मला त्यातलं काही कळेना. इकडे पुस्तकाचं छपाईचं काम सुरू झालं. प्रकाशक कल्याणचा प्रीतम, हौशी माणूस. त्याने मुखपृष्ठासाठी पाठवलेल्या तीन चित्रांत तीन वेगवेगळी माणसं सूर्याकडे तोंड करून डोळे मिटून बसलेली होती. दर्शनाने त्याला विचारलं, पुस्तक वाचलंत का? तो म्हणाला, "वाचणार ना मॅडम, छापून आलं की पहिलं मीच वाचणार."

तेवढ्यात एका मासिकाने पुस्तकातला भाग मागितला. दर्शनाने तिसरं प्रकरण अख्खं पाठवलं, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही. मासिकाला जागा कमी पडली. त्यांनी त्या अंकात पूर्वपक्ष तेवढा छापला, वर दर्शनाचा फोटो, खाली बारीक अक्षरांत 'क्रमशः'. कुणीतरी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, त्यात 'क्रमशः' कापलं गेलं. 'जन्म हा अपघात नव्हे. ती आपणच कधीतरी केलेली सही आहे', बाजूला प्राध्यापक दर्शना येलवे हसतेय. हे पान ठाण्यापासून उल्हासनगरपर्यंत फिरलं.

ते वर्तकनगरच्या विहारातही पोचलं. दर्शनाची आई रमाबाई त्या विहारातली मानाची बाई. पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून तिने लेकीला शिकवलेलं. दर रविवारी सकाळी वंदनेला पहिल्या रांगेत बसायची आणि शेवटची, बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याची सरणत्तय गाथा तिनेच सुरू करायची, अशी तिथली पद्धत. त्या रविवारी कोणीतरी तिच्या मागे बसून म्हणालं, "लेक प्रोफेसर झाली नि आपल्यालाच पापी ठरवायला लागली." रमाबाई गाथा न म्हणता उठून आली.

घरी येऊन तिने लेकीला एकच प्रश्न विचारला. "तू असं लिवलंस?"

"आई, ते माझं म्हणणं नाहीये, ते समोरच्याचं—"

"तू लिवलंस का नाय, तेवढं सांग."

"लिहिलं."

रमाबाई तांदूळ निवडायला बसली. पुढच्या रविवारी ती विहारात गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भांडली असती तर दर्शनाला बरं वाटलं असतं. भांडणात दर्शनाला कोणी हरवू शकत नाही.

दर्शना माझ्याकडे आली ती बसलीच नाही. "ताई, मी पूर्वपक्ष काढून टाकते. प्रीतम पानं छपाईला पाठवायला थांबलाय. तो म्हणतो, प्रत्येक पानाखाली टाकू, 'वरील मते लेखिकेची नाहीत.'"

"सिगारेटच्या पाकिटावर असतं तसं? कवटीचं चित्रही टाक म्हणावं."

"मग निदान सगळीकडे 'ते म्हणतात' घालते. आणि त्या आईचा भाग काढते, तुमच्या मुलीचा. तो भागच लोकांना जास्त खरा वाटतो."

माझं डोकं सटकलं. माझी बाजू आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट मांडली होती, आणि तीच कापायची गोष्ट चालली होती. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ताई, माझी आई घरात बसलीय," ती म्हणाली. "तिच्याकडे विहार सोडून दुसरं काही नाही. पुस्तक काय, परत लिहिता येईल."

माझा राग ओसरला. मी विचारलं, "मला तुमच्या विहारात येऊ देतील का गं?"

"विहारात कोणालाही येऊ देतात, ताई. तुमच्या देवळासारखं नाही ते."

तो टोमणा गिळून मी चहा ठेवला.

रविवारी सकाळी मी वर्तकनगरला गेले. दर्शना विहारात पुढे गेली होती, तिथले अध्यक्ष शिवरामकाका यांची परवानगी काढायला. मी आधी घरी गेले, रमाबाईंकडे. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत.

"रमाबाई, मी देवयानी आठल्ये. त्या ओळी माझ्या आहेत. तुमच्या लेकीवर जो आळ आलाय तो माझ्यावर यायला हवा. चला, मी सगळ्यांसमोर सांगते."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तुमाला खरंच तसं वाटतं? आमी पाप केलं म्हणून आमी त्या जातीत जन्मलो?"

इतकी वर्षं मी कर्मावर बोलत आले, पण हा प्रश्न मला असा सरळ तोंडावर कुणी विचारला नव्हता. "तुमच्याबद्दल मी असा विचार कधी केला नाही," मी म्हटलं. ऐकतानाच मला कळलं, की हे उत्तर किती लाजिरवाणं आहे.

"मग कुनाबद्दल केलात?"

"माझ्याबद्दल."

त्या आत गेल्या आणि पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या.

विहारात आम्ही दोघी शेवटच्या रांगेत बसलो. पुढे त्यांची जागा रिकामी होती, पण त्या तिकडे गेल्या नाहीत. दोन-चार माना वळल्या. वंदना झाली. शिवरामकाका उठले, रागीट चेहऱ्याचे, वाकलेले गृहस्थ. "एक बाई बोलायचं म्हनतायत. ऐकून घ्या," एवढंच बोलून खाली बसले.

मी "जयभीम" म्हणून सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि जीभ अडखळली नाही याचं माझं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, "मासिकात आलेलं ते मत माझं आहे. मी ते मानते. दर्शनाला ते पटत नाही, कधीच पटलेलं नाही. पण ते खोडण्याआधी तिने मला पुन्हा पुन्हा विचारून, माझ्यासमोर बसून ते लिहिलं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं, एवढाच तिचा गुन्हा. खोडायचं ते नीट मांडून खोडावं, ही तिची रीत. आता तिचं उत्तर ऐका. मीही अजून ऐकलेलं नाही."

"मग आधी उत्तरच छापायचं ना!" मधल्या रांगेतून एक पोरगा म्हणाला. थोडं हसू झालं. दर्शना वाचायला उभी राहिली.

तिने पूर्वपक्ष पहिल्यापासून वाचला, काही न गाळता. लोक चुळबुळले, पण ऐकत राहिले. मग उत्तर सुरू झालं. 'जन्म ही सही असेल, तर कागद कुठे आहे? ज्याला मजकूर दाखवला नाही, आठवत नाही, वाचता येत नाही, त्याचा अंगठा धरून ही तुझीच सही म्हणणं, हा सावकारीतला जुना खेळ आहे.' यावर टाळ्या पडल्या. शिवरामकाकांची मान जोरात हलली. माझ्या शेजारी रमाबाई पहिल्यांदा ताठ बसल्या. मलाही मजा आली, खरं सांगते. वाक्य माझं आणि त्याचे असे चिंधडे, पण वार स्वच्छ होता.

मग ती त्या आईच्या भागावर आली. मला वाटलं, इथे ती मऊ होईल, मला सांभाळून घेईल. तिने वाचलं:

'आईला दोष परवडतो, कारण दोष तिचा तिने घेतलेला असतो. पण या मताचा स्वतःचाच पक्का नियम आहे, की ज्याचं कर्म त्यालाच फळ. एकाचं केलेलं दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. मग त्या मुलीच्या छातीतलं दुखणं आईच्या कर्माचं फळ असूच शकत नाही. ते त्या मुलीच्याच कर्माचं फळ ठरतं. कारण हवं म्हणून आपण आरोपी कोणाला केलं, ते एकदा पाहावं. जिला अजून डाव्या-उजव्या चपलेतला फरक कळत नव्हता, तिला. कारण नसणं सहन होत नाही, हे खरं आहे. पण ते आपण मोठ्यांनी सहन करायचं असतं, लेकराच्या माथी मारायचं नसतं.'

मला आधी रागच आला. चपलांची गोष्ट मी हिला काय यासाठी सांगितली होती? उठून निघून जावं असं वाटलं. मग राग कुठल्या कुठे गेला, कारण तो नियम मला पाठ होता. ज्याचं त्यालाच फळ. वर्षानुवर्षं मी मुलांना तो फळ्यावर लिहून दिला, त्यावर परीक्षेत प्रश्न काढले. फक्त माझ्या मुलीकडे बघताना मी तो कधी लावून पाहिला नाही. मला माझा दोष हवा होता, आणि त्यापायी इतकी वर्षं मी माझ्या पोरीला दोषी धरून बसले होते. जन्मभर मी जिच्या नावाने पान वाढत आले, तिलाच.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. दर्शनाने वर बघितलं, मला पाहिलं आणि थांबली. मी हात हलवून तिला खूण केली, वाच. तिने शेवटपर्यंत वाचलं.

तिचे आभार मानायचे ते याचे. माझी बाजू तिने ऐरीगैरी म्हणून उडवून लावली असती, तर मी घरी जाऊन ती आणखी घट्ट धरून बसले असते. तिने ती माझ्यापेक्षा मान देऊन मांडली, म्हणून तिचं उत्तर मला लागलं. असं हरवणारं माणूस मिळायला भाग्य लागतं. भाग्य कशाने येतं ते आता मला सांगता येणार नाही, पण मला ते मिळालं.

वाचन संपल्यावर शिवरामकाका उठून उभे राहिले. मग दर्शनाला म्हणाले, "छापा. अख्खं छापा. या बाईंचं पन काही गाळू नका." दर्शनाने तिथूनच प्रीतमला फोन लावला. त्याने बहुतेक पानाखालच्या सूचनेचं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नको, काहीच नको. आणि ते सूर्याकडे बघणारे लोक पण काढा."

सगळे शेवटच्या गाथेसाठी हात जोडून सावरून बसले. शिवरामकाकांनी मागे वळून हाक मारली, "रमाबाई, या की पुढं. सुरू करा."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी सरकून जागा केली. रमाबाई उठल्या नाहीत.

"तुमी म्हना आज," त्या म्हणाल्या. "मी हिच्यापाशी बसते."

आणि गाथा सुरू झाल्यावर, त्या आवाजात, माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "काय नाव होतं गं पोरीचं?"

ती गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक 'तुमची मुलगी' म्हणत, मग तेही म्हणेनासे झाले.

"अमृता," मी म्हटलं.

"अमृतानं काय सुदा केलं नव्हतं."

"नव्हतंच केलं," मी म्हटलं. "काहीच केलं नव्हतं माझ्या अमृताने."